वाईला मुक्काम करा

पुण्याहून महाबळेश्वरला निघालेल्या गाड्या वाईत थांबतात त्या चहापुरत्या. फार तर ढोल्या गणपतीचं दर्शन होतं, घाटावर चार फोटो निघतात आणि लगेच पसरणीचा घाट चढायला सुरुवात. वर पाचगणीत गार वारा आहे, स्ट्रॉबेरी आहे, टेबललँड आहे, हे सगळं खरं. पण फाल्गुन-चैत्रात जे गाव आपण पंधरा मिनिटांत मागे टाकतो, तिथे त्या दिवसांत कुणालाच बसायला फुरसत नसते. शिवारात हळद निघत असते, कृष्णाबाईचा उत्सव एका आळीतून दुसऱ्या आळीत चाललेला असतो, बावधनला बगाडाची लाकडं बाहेर निघालेली असतात आणि घराघरांत उन्हाळ्याची वाळवणं सुरू झालेली असतात.

वसंतात दोन-तीन दिवस कुठे जावं असं कुणी विचारलं, की मी वाईचं नाव सांगते. अट एकच घालते, मुक्काम करा. टुमदार गावं आपल्याकडे कमी नाहीत. भोरला राजवाडा आहे, नीरेचा काठ आहे. औंधला पंतप्रतिनिधींनी उभारलेलं चित्रसंग्रहालय आणि यमाईचा डोंगर आहे. सावंतवाडीला मोती तलाव आहे आणि चितारआळीतली लाकडी खेळणी आहेत. या सगळ्या ठिकाणी मी आनंदाने जाते. पण ऋतू पालटताना अख्खं गाव त्याच्यासोबत कामाला लागलेलं बघायचं असेल, तर माझ्या मनात पहिली वाई येते. माझी मावशी मधल्या आळीत राहायची, त्यामुळे हे गाव मला आधी घर म्हणून कळलं आणि प्रेक्षणीय स्थळ म्हणून फार नंतर. माझं मत त्यामुळे थोडं झुकलेलं असेल, असू दे.

पंचांगातला वसंत चैत्र-वैशाखाचा. वाईच्या वाटेवर तो होळीच्या आधीच लागतो. महामार्गावर सुरूर फाट्याला आत वळलं, की दोन्ही बाजूंनी जुने वड सुरू होतात. त्यांच्या फांद्या रस्त्यावर एकमेकांत गुंतलेल्या असतात. फाल्गुनात त्यांची जुनी पानं गळून कोवळी, तांबूस, लाख लावल्यासारखी चकचकीत पानं फुटतात. आधीमधी एखादी काटेसावर दिसते, अंगावर पान नाही आणि फुलं मात्र मुठीएवढी, लालभडक. त्यांच्यावर साळुंक्यांचा आणि कावळ्यांचा नुसता गोंधळ. बांधावरचे पांगारे पेटलेले असतात. आंब्याचा मोहर उतरून कैऱ्या वाटाण्याएवढ्या झालेल्या असतात. या रस्त्याच्या रुंदीकरणाचा विषय निघाला की माझ्या पोटात गोळा येतो. असे वड एका पिढीत लावून वाढवता येत नाहीत, आणि रस्ता चार पदरी झाला म्हणून महाबळेश्वर कुठे पळून जाणार नाही. हे वड राहिलेच पाहिजेत.

वाईत उतरल्यावर पहिल्या दिवशी देवळं बघू नका. सकाळी लवकर शिवारात जा. फेब्रुवारी-मार्चमध्ये या पट्ट्यात हळदीची काढणी चालते. आधी वरचा वाळलेला पाला कापून घेतात, रान थोडं सुकू देतात, मग कुदळीने गड्डे खणून काढतात. माती झटकून त्यांची वर्गवारी करायला बायका ओळीने बसलेल्या असतात. मधला जाड जेठा गड्डा वेगळा, त्याला फुटलेली बोटांसारखी हळकुंडं वेगळी. निवडक जेठे गड्डे सावलीत पाल्याखाली झाकून ठेवायचे, कारण तेच पुढचं बियाणं.

बाकीचा माल शिजवायला जातो. आता वाफेवर चालणारे कुकर आलेत, पण काही ठिकाणी अजून चुलाणावर भली मोठी काहील चढवलेली दिसते. त्यात हळकुंडं, वर हळदीचाच पाला आणि त्यावर गोणपाट. एकदा मी अशा काहिलीपाशी बराच वेळ उभी राहिले होते. वास आधी कच्च्या मातीचा येतो, उग्र. हळूहळू त्यातला उग्रपणा जातो आणि ओळखीचा, स्वयंपाकघरातला हळदीचा वास वर येतो. काहिलीवर लक्ष ठेवून असलेल्या काकूंना मी विचारलं, "काकू, शिजली हे कसं कळतं?"

"वास बदलतो की, ताई. मग काडी घालून बघायची," त्या म्हणाल्या आणि गोणपाट बाजूला सारून त्यांनी एक हळकुंड बाहेर ओढलं. गवताची काडी त्यात आरपार गेली. "ही झाली. जास्त शिजली तर रंग मरतो, कमी शिजली तर वाळताना कीड धरती." मग माझ्या हातातल्या मोबाइलकडे बघून म्हणाल्या, "फोटू काढा खुशाल, पर एवढ्या जवळ येऊ नगा. वाफ लई वाईट असती."

शिजलेली हळद मग उन्हात पसरतात. पंधरवडाभर ती वाळत पडते. मुठीत दोन हळकुंडं घेऊन एकमेकांवर आपटली आणि खणखणीत आवाज आला, की वाळली. त्यानंतर फिरत्या पिंपात घालून वरची खरबरीत साल घासून काढायची. तोवर मळकट काडीसारखं दिसणारं हळकुंड या पॉलिशनंतर पिवळंधमक होऊन बाहेर पडतं. आणि सावलीत झाकून ठेवलेले जेठे गड्डे? ते जुन्या रिवाजाप्रमाणे अक्षय्य तृतीयेच्या सुमारास पुन्हा जमिनीत जातात. एकाच वसंतात एक पीक घरात येतं आणि पुढचं लावलं जातं. मधल्या दोन-अडीच महिन्यांत लग्नं, जत्रा, पाडवा, चैत्रगौर, असं सगळं उरकायचं असतं. वाईचा वसंत या मोकळ्या झालेल्या रानावर उभा आहे, आणि म्हणून मी शिवार आधी दाखवते, घाट नंतर.

या हंगामातला सगळ्यात मोठा दिवस म्हणजे बावधनची बगाड यात्रा. हे बावधन वाईपासून अगदी जवळ आहे, पुण्यातल्या बावधनशी त्याचा काही संबंध नाही. होळीच्या सुमाराला भैरवनाथाला कौल लावला जातो आणि ज्याच्या बाजूने कौल येतो, तो त्या वर्षीचा बगाड्या ठरतो. फाल्गुन वद्य पंचमीला, म्हणजे रंगपंचमीला, कृष्णाकाठच्या सोनेश्वरापासून बगाड निघतं. बगाड म्हणजे दगडी चाकांचा लाकडी गाडा, त्यावर उभा खांब आणि खांबावर आडवं टाकलेलं लांबलचक शीड. नवसाचा बगाड्या कृष्णेत आंघोळ करून शिडाच्या टोकाला चढतो आणि तिथे त्याला बांधतात. मग ते सगळं धूड बैलांनी ओढत बावधनपर्यंत न्यायचं, रस्त्याने नव्हे तर बऱ्याचशा ठिकाणी रिकाम्या शेतांमधून.

ते बघताना माझं लक्ष शिडाच्या टोकाकडे कमी आणि बैलांकडे जास्त असतं. एका वेळी कितीतरी जोड्या जुंपलेल्या असतात, आणि ठरावीक अंतरावर त्या सोडून ताज्या दमाच्या जोड्या लावतात. गावोगावचे शेतकरी आपापली खोंडं या दिवसासाठी तयार करून आणतात. शिंगांना रंग, अंगावर गुलाल, गळ्यात घुंगुरमाळा. नांगरलेल्या ढेकळांत दगडी चाक रुतलं की क्षणभर सगळं थांबतं. हाकारे उठतात, कासरे ताणले जातात, बैलांच्या मानेखालची पोळी थरथरते आणि चाक पुन्हा फिरतं. रान मोकळं नसतं तर ही यात्रा निघालीच नसती. ज्वारी-हरभरा निघून गेलेला, ऊस बराचसा कारखान्याला गेलेला, नवीन पेरा अजून लांब. जत्रांचे दिवस शेतीच्या सवडीवर कसे बसवलेत हे पुस्तकात वाचण्यापेक्षा बावधनच्या बांधावर उभं राहून चटकन कळतं. गर्दी प्रचंड असते, ऊन कडक असतं, टोपी आणि पाणी जवळ ठेवा आणि लहान मुलांना बैलांच्या वाटेपासून लांब ठेवा.

आता घाट. कृष्णा वाईला येते ती महाबळेश्वरच्या डोंगरावरून उतरून, धोमच्या धरणात अडून, आणि मग गावाच्या मधोमध वाहते. तिच्या काठाने भीमकुंड आळी, मधली आळी, धर्मपुरी, गणपती आळी, ब्राह्मणशाही, रामडोह, गंगापुरी अशा आळ्या आणि त्यांचे घाट आहेत. हिवाळा सरत आला की या आळ्यांमध्ये पाळीपाळीने कृष्णाबाईचा उत्सव बसतो. नदीचीच देवी, तिला पालखीतून आणायचं, मांडवात बसवायचं, आणि मग कीर्तन, गाणं, हळदीकुंकू, आळीचं जेवण. हा उत्सव अफझलखानाच्या स्वारीच्या वेळी बोललेल्या नवसातून सुरू झाला, असं गावात सांगतात. १६५९ साली खान वाईला तळ देऊन होता आणि तिथूनच प्रतापगडाकडे गेला, हे तर इतिहासात आहेच. मावशी उत्सवाच्या दिवसांत घरी सापडायची नाही. "आपली आळी आहे गं, वाढायला नको का?" म्हणत ती सकाळीच पदर खोचून मांडवाकडे जायची, आणि आम्ही पाहुणे तिला शोधत शोधत पंक्तीत जाऊन बसायचो.

घाट आणि देवळं यांतली बरीचशी रास्त्यांची. पुण्यातली रास्ता पेठ ज्यांच्या नावाची, तेच हे घराणं. नानासाहेब पेशव्यांच्या पत्नी आणि थोरल्या माधवरावांच्या आई गोपिकाबाई या याच वाईच्या रास्त्यांच्या कन्या. त्या सोयरिकीनंतर वाईचं रूप पालटत गेलं. ढोल्या गणपतीचं देऊळ गणपतराव रास्ते यांनी १७६२ साली बांधलं. आत भव्य, बैठी, एकाच दगडातली मूर्ती आहे. सगळे ती बघतात आणि निघतात. तुम्ही मात्र देवळाला वळसा घालून मागच्या बाजूला जा. देऊळ जवळजवळ पात्रातच आहे, आणि ज्या बाजूने पाणी येतं त्या बाजूची भिंत सपाट नाही. ती माशाच्या तोंडासारखी निमुळती, टोकदार बांधलेली आहे. पुराचा लोंढा त्या टोकावर आपटून दोन्ही अंगांनी फाकतो आणि भिंतीवर सरळ दाब येत नाही. अडीचशेहून जास्त पावसाळे त्या देवळाने असे अंगावर घेतलेत. ज्या गवंड्यांनी ही युक्ती केली त्यांची नावं कुठे कोरलेली नाहीत. मी मागच्या भिंतीला हात लावल्याशिवाय पुढे जात नाही. शेजारच्या काशी विश्वेश्वराच्या देवळातला नंदीही असाच जवळ जाऊन बघण्यासारखा आहे. काळ्या दगडात त्याच्या गळ्यातल्या माळा इतक्या बारकाईने कोरल्यात, की एकेक घुंगरू वेगळं मोजता येतं.

नदीची स्थिती मात्र चैत्रात बघवत नाही, हे लपवून काय उपयोग. पाणी कमी झालं की जलपर्णी वाढते, सांडपाण्याचा वास येतो, घाटाच्या पायऱ्यांना प्लास्टिक अडकतं. गावातली काही मंडळी पहाटे उतरून हाताने नदी साफ करतात. मी त्यांना गुडघाभर चिखलात उभं राहून जलपर्णी ओढताना पाहिलंय. ज्या नदीचा आपण उत्सव करतो तिच्यात निर्माल्याची प्लास्टिकची पिशवी सोडायची, हे मला कधीच समजलेलं नाही. निदान आपण पाहुण्यांनी तरी त्यात भर घालू नये.

वाईहून मेणवली चालत जाण्याच्या अंतरावर आहे, आणि सकाळी चालतच जावं. नाना फडणवीसांचा वाडा, त्यामागे कृष्णेवर अर्धचंद्राकार घाट, घाटावर विष्णू आणि मेणेश्वर. सिनेमावाल्यांनी हा घाट घरोघरी पोचवला, त्यामुळे तो पहिल्यांदा बघतानाही ओळखीचा वाटतो. मेणेश्वरासमोरची घंटा नीट बघा. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई जिंकली, तेव्हा तिथल्या चर्चच्या घंटा मराठ्यांनी विजयाची खूण म्हणून आणल्या आणि ठिकठिकाणच्या देवळांत टांगल्या. भीमाशंकरला एक आहे, मेणवलीला ही. हिच्यावर १७०७ हे साल आहे आणि मेरी व बाळ येशूची आकृती. शंकराच्या दारात ती अडीच शतकं लटकते आहे आणि तिच्यावरची आकृती कुणी घासून काढलेली नाही, ही गोष्ट मला फार आवडते. वाड्यात सागवानी खांब, भिंतींवरची जुनी चित्रं, एकातून दुसऱ्यात जाणारे चौक. बाहेर चैत्राचं ऊन तापलेलं असताना आतल्या चौकात पाऊल टाकलं की अंगाला गारवा जाणवतो. जाड भिंती, मातीचे थर, वरून मोकळं आकाश, एवढ्यावर तो वाडा थंड राहतो. नाना १८०० साली गेले. पुढे त्यांच्या पत्नी जिऊबाई इथे राहिल्या. नानांच्या कागदपत्रांचं मेणवली दप्तर इतिहासाच्या अभ्यासकांना सुपरिचित आहे. राज्याचा कारभार पुण्यात चालला आणि त्याचे कागद या चिमुकल्या गावात जपले गेले.

कागदांवरून वाईची जी दुसरी ओळख आहे ती सांगायलाच हवी, कारण पर्यटकांच्या यादीत ती कधी नसते. आमच्या शाळेच्या वाचनालयात मराठी विश्वकोशाचे जाडजूड खंड होते, आणि एवढं मोठं काम मुंबई-पुण्याऐवजी वाईत बसून चालतं, याचं मला लहानपणी नवल वाटायचं. त्याचं मूळ प्राज्ञपाठशाळेत आहे. नारायणशास्त्री मराठे, पुढचे केवलानंद सरस्वती, यांनी तिथे अध्यापनाची जी शिस्त घातली, ती शिकायला लांबून विद्यार्थी यायचे. १९१७ मध्ये गांधीजींच्या आश्रमातून रजा घेऊन विनोबा भावे इथेच शिकायला येऊन राहिले होते. धुळे जिल्ह्यातल्या पिंपळनेरचे लक्ष्मणशास्त्री जोशी, पुढचे तर्कतीर्थ, पोरवयात इथे आले आणि वाईचेच झाले. १९६० साली राज्याचं साहित्य संस्कृती मंडळ तर्कतीर्थांच्या अध्यक्षतेखाली स्थापन झालं, आणि विश्वकोशाचं काम वाईत उभं राहिलं. पहिला खंड १९७६ चा, आणि पुढे वाढत वाढत ते २० खंड झाले. अणुविज्ञानापासून अळंब्यांपर्यंतचे विषय मराठीत कसे मांडायचे, कोणत्या संज्ञेला कोणता शब्द द्यायचा, यावर या गावात वर्षानुवर्षं खल झाला. बाहेर हळद वाळते आहे, नदीवर धुणी आपटली जात आहेत आणि आत कुणीतरी नोंद तिसऱ्यांदा तपासतं आहे. मोठ्या कामाला मोठं शहर लागतंच असं नाही, हे वाईने आधीच करून दाखवलंय.

दुपारी बाहेर पडू नका. मार्च उजाडला की बाराच्या पुढे ऊन चटके देतं. पाडव्यानंतर गेलात तर या दुपारी घरांतल्या. चैत्र शुद्ध तृतीयेला गौर पाळण्यात बसते ती अक्षय्य तृतीयेपर्यंत. त्या महिन्याभरात कुठल्या ना कुठल्या घरी हळदीकुंकू असतंच. भिजवलेल्या हरभऱ्याने ओटी, कैरीचं पन्हं आणि आंब्याची डाळ. मावशीची डाळ भरड असायची. हरभऱ्याची डाळ चार तास भिजवून पाट्यावर अर्धवट वाटायची, कैरी किसून घालायची, आणि हिंग-मोहरी-हळदीची फोडणी पूर्ण गार झाल्यावरच वर ओतायची. "गरम ओतलीस तर डाळ शिजते आणि मग ती उसळ होते," हे तिचं ठाम म्हणणं. कुणी ओळखीचं नसलं, तरी बाजारपेठेत चौकशी केलीत तर घरगुती जेवण देणारी मंडळी सापडतात. त्यांना आदल्या दिवशी सांगून ठेवा.

दुसऱ्या दिवशी उन्हं कलल्यावर धोमला जाऊन या. नरसिंहाच्या देवळाच्या आवारात कमळाच्या आकाराचा दगडी हौद आहे, त्यात मोठं दगडी कासव आणि कासवाच्या पाठीवर नंदीचा मंडप. हौद भरलेला असताना कासव पाण्यावर तरंगतंय असं वाटतं. परतताना पसरणीवरून आलात तर हे शाहीर साबळ्यांचं गाव, एवढं मुलांना सांगा.

मे महिन्यात जाणाऱ्यांनी लोकमान्य टिळक स्मारक ग्रंथसंग्रहालयाच्या वसंत व्याख्यानमालेची वेळ साधावी. गावातली माणसं जेवणखाण लवकर आटोपून येतात, वक्त्याला नीट ऐकतात आणि पटलं नाही तर नंतर गाठून विचारतातही. घाटावरची हवा आणि वर असं ऐकायला मिळणं, सुट्टीत आणखी काय हवं असतं मला सांगता येणार नाही.

पुण्याला परत जाताना महामार्ग टाळा. मांढरदेवीचा घाट चढून पलीकडे भोरला उतरा. वळणावळणावर खाली वाईचं खोरं, मधून कृष्णेची रेघ आणि धरणाचं पाणी दिसत राहतं. आणि निघण्याआधी शेतकऱ्याकडून थेट हळकुंडं विकत घ्या, दळलेली पूड नको. घरी आणून दोन दिवस कडक ऊन द्या, कांडप यंत्रावर आधी कुणी मिरची दळली नाही ना ते विचारा, आणि मगच दळून आणा. वर्षभर पुरते.